फकडीचा तपास

आबा गेल्याचं त्यांच्या मुलानं व्हॉट्सॲपवर कळवलं. हार घातलेला फोटो, वर मोठ्या अक्षरात ‘कीर्तिशेष’, खाली आबांचं नाव. मी नर्सरीच्या शेडमध्ये होते, हात मातीचे होते, म्हणून फोन मनगटानं वर सरकवत वाचलं. रडू आलंच, पण त्याच्या आधी मनात एक गोष्ट आली. आबांनी स्वतः हा मेसेज वाचला असता तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, “कीर्ती उरली म्हणे. मंग बाकीचं कोणी नेलं?”

आबा माझे नात्यातले कोणी नव्हते. घरमालक होते. आडगाव नाक्याच्या मागच्या कॉलनीत त्यांचं घर. पुढं ते, त्यांचा मुलगा आणि सून, आणि मागं न्हाणीघराला लागून एक खोली. ती मला दिलेली. पोलिसात हवालदार म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली आणि रिटायर झाल्यावरही त्यांची नोकरी काही संपली नाही, एवढंच त्यांच्याबद्दल कॉलनीत बोललं जायचं.

मी गोंदियाकडची, देवरीच्याही पलीकडची. आठवीत शाळा सुटली. मावसबहीण आणि तिचा नवरा नाशिकच्या अंबडला कंपनीत होते, त्यांच्या आधारानं इकडं आले आणि पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावरच्या एका द्राक्षाच्या नर्सरीत कलमं बांधायला लागले. पुढं ते दोघं पुण्याला गेले. मी एकटी राहिले. एकट्या मुलीला कोणी खोली देत नव्हतं. आबांनी दिली, पण आधी चौकशी केली.

ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला उभंच ठेवलं.

“गाव सोडलं तेव्हा गावातून काय काय गेलं होतं?”

 मला वाटलं, मी काही घेऊन पळाले असं यांना वाटतंय. म्हटलं, “मी काही नाही आणलं जी. दोन ड्रेस फक्त.”

“तू नाय गं. गावातनं काय गेलं? पूर्वी व्हतं आणि आता नाय, असं.”

मी विचार केला. खोली हवी होती, म्हणून काहीतरी सांगणं भाग होतं. “लुचई गेली जी.”

“कोण लुचई? वय काय?”

“धान आहे. तांदूळ. भात शिळा झाला तरी मऊ राहत होता म्हणते माय.”

आबा पुढं सरकले. “शेवटचं कोणी पाह्यलं?”

“मायनं.”

“कोणावर संशय?”

“कोणावरच नाही जी.”

“हे ‘जी’ काय हाय?”

“आमच्याकडं म्हणतात जी.”

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. मग चावी काढून दिली. “कोणावरच संशय नाय म्हणणारा माणूस मला आवडत नाय,” ते म्हणाले. “पण राहा.”

त्यांना हे वेड कसं लागलं ते त्यांनीच सांगितलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. नोकरीत असताना एका संस्कृतच्या मास्तरांची सायकल चोरीला गेली. ती काही सापडेना. मास्तर रोज ठाण्यात यायचे. एक दिवस आबा कंटाळून म्हणाले, “गुरुजी, लुप्त झाली म्हणा की आता.” मास्तर तिथंच बाकावर बसले आणि त्यांनी आबांची शिकवणी घेतली. लुप्त म्हणजे आपोआप नाहीसं झालेलं, असं आपण समजतो. पण तो शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ तोडणं, हिसकावणं. जुन्या संस्कृतात चोरीच्या मालालासुद्धा त्यातलाच शब्द आहे. तेव्हा हवालदार, माझी सायकल लुप्त झाली हे तुम्ही अगदी बरोबर बोललात, आता चोर शोधा.

सायकल शेवटपर्यंत सापडली नाही. आबांना शब्द मात्र सापडला. मग मास्तरांना चहा पाजून पाजून त्यांनी आणखी दोन काढून घेतले. नष्ट म्हणजे मुळात मेलेलं नव्हे, नजरेआड गेलेलं. आणि नामशेष म्हणजे ज्याचं नाव तेवढं शिल्लक राहिलं. हा शब्द आधी मेलेल्या माणसांना लावत, झाडं-जनावरं त्यात मागून आली. आबांनी त्यांची पोलिसी वाटणी करून टाकली. “नष्ट म्हणजे बेपत्ता, तपास चालू. लुप्त म्हणजे चोरी, आरोपी फरार. आणि नामशेष म्हणजे फाईल बंद. ठाणेदाराला वर दाखवायला बरं असतं, म्हणून लोकाला तो शब्द आवडतो.”

टीव्हीवर कोणी म्हणालं की अमुक पक्षी नामशेष झाला, की आबा टीव्हीला म्हणायचे, “कोणाचा फायदा झाला ते बोल.” भाजीवाली आली की तिला विचारायचे, जांभळ्या कडेच्या शेंगांचा तो घेवडा कुठं गेला. ती टोपली उतरवायच्या आधीच म्हणायची, “आबा, म्या नाय खाल्ला.” तिच्यावरचा संशय त्यांनी कधी काढला नाही, पण भाजी तिच्याकडूनच घेतली.

लोक हसायचे. मीही मनात हसायचे, पण घाबरूनच. कारण आबांचा संशय लुप्त झालेल्या वस्तूंवर थांबत नव्हता. दूध पातळ लागलं की दूधवाला, पाणी कमी आलं की टाकीवरचा माणूस, सून माहेरी जास्त राहिली की सून. माझी खोली तर त्यांच्या खिडकीसमोरच. मी किती वाजता टेम्पोला गेले, ओढणी कुठली होती, सगळं त्यांना माहीत. उलट मलाही त्यांचा संशय यायचा. खोलीच्या दाराशी कधी झाकलेली वाटी असायची, पिठल्याची, शेवभाजीची. मी आधी वास घ्यायचे. परक्या गावात कोणी फुकट काही देत नाही, हे मला मायनं बजावून पाठवलं होतं. एकदा नर्सरीचा टेम्पो बिघडला, परतायला अंधार पडला, तर आबा नाक्यावर काठी घेऊन उभे. मी विचारलं, “आबा, तुम्ही इथं?”

“तपासाला आलो व्हतो,” म्हणाले आणि माझ्या पुढं चालू लागले. 

आणि एक सांगायलाच हवं. ते संशय सगळ्यांना सारखाच वाटून द्यायचे. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. “संशय प्रसादासारखा हाय,” ते म्हणत. “सगळ्यांच्या हातावर सारखा पडला पायजे. एकाच्याच हातावर ठेवला की त्याचा गुन्हा होतो.” मी बाहेरची, गरीब, एकटी. मला आयुष्यात संशयाचा नेहमी मोठा वाटा मिळाला होता. दुकानात, बसमध्ये, मावसबहिणीच्या सासरीसुद्धा. आबांच्या घरी पहिल्यांदा मला सगळ्यांएवढाच मिळाला. हे किती मोठं होतं ते मला उशिरा कळलं.

आबांच्या सगळ्या तपासांत मुद्देमाल एकदाच हाती लागला होता. फकडी.

फकडी ही द्राक्षाची जुनी जात. आता नाशिकला द्राक्ष म्हटलं की बिनबियांचीच. पण आबांच्या लहानपणी पांगाऱ्याच्या खुंटांवर वेल चढवलेले असत आणि त्यात फकडी असे, बियांची, जाड सालीची. तिला सगळे नामशेष म्हणायचे, म्हणून आबांनी तपास चालू ठेवला होता. ओझरच्या पुढं एका पडक्या विहिरीच्या कुंपणात त्यांना रानटी माजलेला वेल दिसला. एक घोस होता. त्यांनी चाखला आणि, त्यांच्याच शब्दांत, वेल ताब्यात घेतला. म्हणजे एक काडी कापून आणली आणि गच्चीवर निळ्या ड्रममध्ये लावली. पुढं ती विहीर रस्त्याच्या कामात बुजली, कुंपणही गेलं. राहिला तो ड्रममधला वेल.

पण ही फकडीच कशावरून? आबांनी ओळखपरेड घेतली. मी तेव्हा नुकतीच राहायला आले होते. पिंपळगावहून त्यांच्या म्हाताऱ्या मावशीला बोलावलं. ओट्यावर पाटावर बसवून डोळ्यांना पंचा बांधला. बाजारातून आणलेली पाच-सहा तऱ्हेची द्राक्षं आणि मधेच कुठंतरी ड्रममधली, असं एकेक तिच्या तोंडात घालायला लागले. मला पंच म्हणून उभं केलं होतं.

मावशी म्हणाली, “ही साखर हाय नुसती. … ही बी. … अरे मुडद्या, घसा बसंल माझा, किती खाऊ?” मग एक मणी तिनं चावला आणि आबांचा हात दूर लोटला. बी पुढच्या दातांत धरून तिनं बाहेर काढली आणि बोटांनी चाचपली. “ही. हिनं जीभ फाटायची आमची. माझा बाप सायंकाळी टोपलीच्या तळाची द्यायचा.” पंचा तिनं सोडला नाही, तसाच डोळ्यांवर दाबून धरला.

“नोंद झाली,” आबा म्हणाले. 

त्या दिवसापासून फकडीवर पहारा बसला. गच्चीच्या दाराला कुलूप, चावी बंडीच्या खिशात. कॉलेजातली पोरं फोटो काढायला आली तर त्यांना जिन्यातून परत पाठवलं. आबांचा हिशेब सोपा होता. एकदा लुटलेली चीज परत लुटली जाणार. “आज कोणाला काडी दिली की उद्या पिंपळगावला एकरभर उभी राहील. त्याच्या नावानं. मंग माझी फकडी परत लुप्त.”

छाटणीला मात्र त्यांना माझी गरज पडायची, कारण त्यांचा हात थरथरत होता आणि माझा रोजच्या कात्रीला सरावलेला होता. ऑक्टोबर आला की ते गच्चीवर खुर्ची टाकून बसत. मी कात्री चालवायची. पडलेली प्रत्येक काडी ते वेचून घ्यायचे, कडबा बांधावा तशी जुडी बांधायचे आणि खाली न्हाणीघराच्या बाहेर ठेवलेल्या तांब्याच्या बंबात माझ्यादेखत जाळायचे. त्या पाण्यानं आंघोळ करायचे. राख तुळशीला.

आम्ही नर्सरीत ज्या काड्या ओल्या गोणपाटात बाळासारख्या गुंडाळून ठेवतो, त्या इथं जळताना मी बघत उभी राहायचे. एकदा धीर करून म्हटलं, “आबा, एखादी काडी पिशवीत लावून ठेवू का? एकाच वेलावर भरवसा बरा नाही जी.”

आबांनी बंबाचं झाकण लावलं आणि वळले. “का? कोणी सांगितलं तुला? नर्सरीच्या मालकानं?”

“नाही जी. माझंच आपलं.”

“तुझंच कसं?”

मी पुन्हा विषय काढला नाही. उलट पुढच्या छाटणीपासून, त्यांनी न सांगता, जिन्यात उतरायच्या आधी त्यांच्यासमोर ओढणी झटकायला लागले. काही पडायचं नाही. आबा मान हलवायचे. मला वाटायचं, चला, आणखी एक वर्ष खोली राहिली.

मग एका वैशाखात, रविवारी, आबा कळवणला एका लग्नाला गेले. चावी मुलाकडं ठेवून गेले. मुलाला आम्ही सगळे दादा म्हणायचो, सुनेला वहिनी. परत आले ते सरळ गच्चीवर गेले, आणि खाली आले तेव्हा त्यांनी काठी घेतलेली नव्हती. ड्रम पालथा होता. धुऊन वाळत घातलेला. वेल नव्हता.

दादा म्हणाले, “बाबा, मी काय गच्चीवर बसून असतो? ती नर्सरीत आहे, दर वर्षी तीच छाटते. सरळ आहे ना.”

वहिनी म्हणाल्या, “मी कोणाचं नाव घेत नाही. पण त्या काडीची किंमत ज्याला माहीत, त्यालाच माहीत.”

मी खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. नर्सरीच्या धंद्यात काडीचोर हा शब्द एकदा लागला की पिंपळगावपर्यंत कुठल्या शेडमध्ये उभं करत नाहीत. खोली जाणार होती, काम जाणार होतं, आणि घरी मायला काय सांगू, हे मला सुचत नव्हतं. आबांच्याच तोंडून नाव निघायचं बाकी होतं. इतकी वर्षं हातावर सारखा पडलेला प्रसाद आज सगळा माझ्याच हातात येणार.

आबांनी हाक मारली. अंगणात सगळ्यांना उभं केलं होतं. समोरचा इस्त्रीवाला आणि शेजारच्या काकू, असे दोन पंच.

“सरळ असतं ते आधी बाजूला ठेवायचं,” आबा म्हणाले. “पहिला संशयित मी. मी कुठं व्हतो? कळवणला. साक्षीदार अख्खं वऱ्हाड. दुसरा तू.” दादांकडं वळले. “कुठं व्हतास?”

“ऑफिसला.”

“रविवारी?”

 आबांनी त्यांना तिथंच सोडलं आणि नाक वर करून वास घेतला. मग न्हाणीघराकडं चालत गेले, बंबावर हात ठेवला.

“वैशाखात गरम पाणी कोणाला लागलं?”

झाकण काढून त्यांनी आत हात घातला. मुळासकट अर्धं जळलेलं खोड बाहेर आलं. काळं, गाठीगाठीचं. त्यांनी ते उन्हात धरून सगळ्यांना दाखवलं. “हे बघा घाव. कोयत्याचे. लाकूड फोडावं तसं फोडलंय. ह्या पोरीचा हात असता तर एका कात्रीत तिरका काप असता. आणि तिला काडी पायजे असती तर तिनं मूळ कशाला उपटलं असतं? दुधाचा चोर म्हैस मारत नाय.”

मग खोड माझ्या हातात दिलं. “बघ.”

मी नखानं साल खरवडली. एका ठिकाणी, मग दुसऱ्या, मग मुळाच्या अगदी जवळ. आम्ही नर्सरीत असंच बघतो. आत जरा जरी ओलसर हिरवं निघालं तर काडी जगते.

“हिरवं हाय?”

“नाही जी.”

“नीट बघितलं?”

“नीट बघितलं जी.”

दादा एकदम बोलले. “गच्ची गळत होती, बाबा. बेडरूममध्ये ओल येते, किती वेळा सांगितलं तुम्हाला. वॉटरप्रूफिंगवाला आला होता, मी बाजूला करायला गेलो, तर ड्रम हलेना. आणि तुम्ही पण दर वर्षी जाळताच ना? मला वाटलं, ती जाळायचीच असते.”

आबा बंबाच्या कट्ट्यावर बसले. मुलाकडं बघितलं नाही. पंचांना म्हणाले, “पोरीचं नाव साफ. बोला.”

इस्त्रीवाला म्हणाला, “साफ.”

“मोठ्यानं.”

काकू आणि इस्त्रीवाला दोघंही म्हणाले. मग आबांनी वहिनींकडं बघितलं, आणि त्या म्हणेपर्यंत बघत राहिले. दादांना फक्त एवढंच म्हणाले, “कोयता जागेवर ठेव.”

त्यानंतर आबांनी कोणाची चौकशी केली नाही. टीव्ही काहीही बोलायचा, ते ऐकून घ्यायचे. भाजीवाली आपण होऊन म्हणाली, “आबा, आज घेवडा नाय विचारला?” ते म्हणाले, “फाईल बंद.” ती टोपली उचलायची विसरली.

आता नर्सरीत संध्याकाळी बायकांच्या पिशव्या तपासायचं काम माझ्याकडं आहे. विश्वासाचं काम आहे आणि मालकांनी ते मला दिलं याचे उपकारही वाटतात. मी तपासते. पण पिशवीच्या तळापर्यंत हात घालत नाही. का, ते त्या ऑक्टोबरमुळं.

छाटणीचे दिवस होते. मी टेम्पोतून उतरून आले तर आबा ओट्यावर नव्हते. गच्चीवर सापडले. रिकाम्या जागेसमोर खुर्ची टाकून बसले होते. ड्रमच्या बुडाचा गोल डाग फरशीवर तसाच होता. जे सांगायचं राहिलं होतं ते मी सांगितलं.

“आबा, लुचई सापडली जी.”

त्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत ते जुनं आलं. “कोणाकडं?”

“आमच्या शेजारणीकडं. मायचं आणि तिचं भांडण आहे जुनं. काहून ते मला माहीतच नव्हतं. काल फोनवर माय बोलली. मी लहान होते तेव्हा तिनं आमच्या खळ्यावरून बियाणं चोरलं होतं. लुगड्याच्या ओच्यात लपवून. आमची लुचई पुढं नाहीशी झाली. तिच्या धानाच्या बांधीत अजून पिकते. माय म्हणते, त्या चोट्टीला मी मरेपर्यंत माफ नाही करणार.”

“किती नेलं व्हतं?”

“मूठभर.”

“मूठभर,” आबा म्हणाले.

खाली वहिनी भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता. आबांनी चपलेच्या टोकानं तो गोल डाग एकदा गिरवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ओढणी झटक.”

मला वाटलं, जुन्या सवयीनं म्हणतायत. मी ओढणी काढली, दोन्ही टोकं धरून झटकली. नर्सरीची थोडी माती उडाली. बाकी काही पडलं नाही.

आबा फरशीवर बघत राहिले. जणू अजून काही पडायचं बाकी होतं.

“एक तरी काडी चोरायची व्हतीस गं,” ते म्हणाले.